गाडी सुरू करण्यापूर्वी मनगट शांत करा : स्मार्टवॉच, इअरबड आणि स्मार्ट चष्मा वापरणाऱ्या नव्या चालकांसाठी मार्गदर्शक

गाडी चालवताना फोन हातात घेऊ नये, हे बहुतेक चालकांना आता पटलेले आहे आणि ज्यांना पटलेले नाही त्यांना निदान दंडाची भीती असते. मनगटावरचे घड्याळ मात्र या समजुतीतून अलगद निसटते. घड्याळ हे घड्याळच, त्याकडे पाहिले तर काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आजचे स्मार्टवॉच संदेश दाखवते, फोन उचलते, रस्ता सांगते, हृदयाचे ठोके मोजते आणि त्यातले काहीही घडले की मनगटावर टकटक करते. फोन बॅगेत टाकून बॅग मागच्या सीटवर ठेवता येते. घड्याळ मात्र कातडीला चिकटूनच प्रवास करते, आणि त्याचा कंप जाणवला तरी जाणवला नाही असे करणे कोणालाही जमत नाही.

म्हणूनच या लेखातल्या जवळजवळ सर्व सूचना गाडी उभी असताना अमलात आणायच्या आहेत. धावत्या गाडीत मनाचा निग्रह करून घड्याळाकडे दुर्लक्ष करू, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. जे शांत करायचे ते सीटबेल्ट लावण्यापूर्वीच शांत झालेले असले पाहिजे. नुकतेच स्मार्टवॉच, फिटनेस बँड, इअरबड किंवा स्मार्ट चष्मा घेतलेल्या, किंवा ही उपकरणे आधीपासून वापरत असून नुकतेच गाडी शिकलेल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहू

चालकाचे लक्ष तीन प्रकारे विचलित होते: नजर रस्त्यावरून हटते, हात स्टिअरिंगवरून सुटतो, किंवा नजर आणि हात जागेवर असूनही मन दुसरीकडे जाते. स्मार्टवॉचच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडतात, आणि ते कसे घडतात हे उभ्या गाडीत बसून स्वतः करून पाहण्यासारखे आहे. दोन्ही हात स्टिअरिंगवर समोरासमोर ठेवा आणि घड्याळावरचा एखादा संदेश वाचण्याचा प्रयत्न करा. घड्याळाची तबकडी बाहेरच्या बाजूला वळलेली असल्यामुळे ती दिसण्यासाठी हात आतल्या बाजूला फिरवावा लागतो, कोपर उचलले जाते, आणि पकड सोडली नाही तर स्टिअरिंगही त्याच्याबरोबर किंचित वळते. संदेश लांब असेल तर तो सरकवण्यासाठी दुसऱ्या हाताचे बोट लागते. फोन निदान एका हातात मावतो. घड्याळ वापरायला दोन्ही हात लागतात, एक ते धरायला आणि एक चालवायला. शिवाय स्क्रीन लहान, अक्षरे बारीक, त्यामुळे नजर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खाली राहते.

हा वेळ किती महाग असतो याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते, म्हणजे दोन सेकंद खाली पाहिले तर ३३ मीटर रस्ता न पाहता कापला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीत बसवलेल्या स्क्रीनसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत रस्त्यावरून एका वेळी नजर हटण्याची मर्यादा साधारण दोन सेकंद आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंद अशी धरली होती. ती तत्त्वे डॅशबोर्डवरच्या स्क्रीनसाठी होती, जी मोठी असते, स्थिर असते आणि रस्त्याच्या रेषेपासून फार दूर नसते. मनगटावरच्या हलत्या, बोटभर स्क्रीनला हाच निकष लावून पाहिला तर काय निघेल हे वेगळे सांगायला नको.

आणि स्क्रीनकडे पाहिलेच नाही तर? इथे बहुतेकांची समजूत चुकते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, सतत लक्ष द्यावे लागणाऱ्या कामात गुंतलेल्या लोकांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवण्यात आली. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या, आणि ती वाढ प्रत्यक्ष फोन वापरणाऱ्यांच्या तोडीची होती. हा प्रयोग गाडीतला नव्हता, संगणकासमोरचा होता, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्यामागचे कारण सर्वत्र तेच असते. कंप जाणवला की मन विचारू लागते: कोणाचा असेल, कशासाठी असेल, घरून तर नसेल? फोनचा कंप खिशात किंवा बॅगेत विरून तरी जातो. मनगटावरचा थेट त्वचेवर उमटतो, कारण तो चुकू नये अशाच हेतूने बनवलेला असतो.

कायद्याकडेही एकदा पाहून घ्यावे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारात, चालकाने वाहन चालवण्याखेरीज इतर हालचाली कमीत कमी ठेवाव्यात, असे तत्त्व नमूद आहे आणि अनेक देशांचे कायदे याच धर्तीवर आहेत. काही ठिकाणी कायद्याची भाषा हातात धरलेल्या उपकरणापुरती असते, आणि मग घड्याळ हातात धरलेले नाही, ते मनगटाला बांधलेले आहे, असा युक्तिवाद पुढे येतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१८ साली तो न्यायालयासमोर आलाही. सिग्नलला थांबलेल्या एका चालक तरुणीचे लक्ष घड्याळात होते, दिवा हिरवा झाला, इतर गाड्या निघाल्या आणि तिची गाडी तशीच उभी राहिली. आपण फक्त वेळ पाहत होतो, असे तिचे म्हणणे होते. आकाराने लहान असले तरी हे संपर्काचेच उपकरण आहे आणि लक्ष विचलित करण्यात ते मनगटाला चिकटवलेल्या फोनपेक्षा कमी नाही, असा निर्वाळा देत न्यायालयाने तिचा ४०० डॉलरचा दंड कायम केला. तेव्हा आपल्या भागातील नियमात पळवाट आहे की नाही हे शोधण्यापेक्षा, घड्याळ म्हणजे फोनच असे धरून चालणे शहाणपणाचे.

पायरी पहिली : अंगावर काय काय आहे ते मोजा

गाडीत बसताना आपल्या अंगावर किती उपकरणे असतात हे एकदा शांतपणे पाहावे. घड्याळ किंवा बँड, इअरबड, चष्मा, अंगठी, दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर, श्रवणयंत्र, हेल्मेटमधला ब्लूटूथ संच, अशी यादी निघू शकते. यांतली काही उपकरणे मुकी असतात. ती फक्त नोंद घेतात आणि स्क्रीन, आवाज, कंप यांपैकी काहीच त्यांच्याकडे नसते. झोप मोजणारी साधी अंगठी या गटात येते आणि तिच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. काही उपकरणे आवश्यक असतात, उदाहरणार्थ श्रवणयंत्र किंवा नंबरचा चष्मा. ती काढायची नाहीत. उरलेली सर्व उपकरणे बोलकी आहेत, आणि पुढील पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

पायरी दुसरी : फोनचा ड्रायव्हिंग मोड लावा आणि तो घड्याळापर्यंत पोहोचतो का ते तपासा

घड्याळावर जे काही येते त्यातले बहुतेक फोनवरून येते, म्हणून सुरुवात फोनपासून करावी. आयफोनमध्ये गाडी चालवताना नोटिफिकेशन थोपवण्याची सोय २०१७ पासून आहे आणि आता ती फोकस या विभागात ड्रायव्हिंग या नावाने सापडते. अँड्रॉइड फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब, मोड किंवा ड्रायव्हिंग अशा नावांनी तीच सोय कंपनीनुसार वेगवेगळ्या जागी असते. सेटिंगच्या शोधपट्टीत ड्रायव्हिंग असे टाइप केले की ती सहसा हाती लागते.

हा मोड कशाने सुरू व्हावा, हे ठरवताना थोडा विचार करावा. फोनने हालचालीवरून आपोआप ओळखावे, हा पर्याय सोयीचा वाटतो. पण बसमध्ये किंवा दुसऱ्याच्या गाडीत बसलेले असतानाही तो सुरू होतो आणि मग कंटाळून माणूस तो कायमचा बंद करतो. गाडीच्या ब्लूटूथशी जोडणी झाली की मोड सुरू व्हावा, हा पर्याय अधिक भरवशाचा आहे. ज्या गाडीत ब्लूटूथ नाही तिथे, आणि बहुतेक दुचाकींवर, आपोआप ओळखण्याचा पर्याय ठेवावा किंवा तो हाताने सुरू करण्याची सवय लावून घ्यावी. याच ठिकाणी स्वयंचलित उत्तराचीही सोय असते. गाडी चालवत आहे, पोहोचल्यावर उत्तर देतो, एवढे वाक्य पुरेसे आहे.

कोणाचे फोन या मोडमधूनही येऊ द्यायचे, ही यादी फोन विचारतो. ती करताना हात आखडता घ्यावा. घरातले एखाद-दुसरे माणूस पुरे; ओळखीच्यांतले दहाजण घातले की मोड लावूनही न लावल्यासारखेच.

आता खरी तपासणी. फोन शांत झाला म्हणजे घड्याळ शांत झालेच असे नाही. एकाच कंपनीचा फोन आणि घड्याळ असेल तर घड्याळाच्या ॲपमध्ये फोनचा मोड घड्याळावरही लागू करण्याचे बटण असते. ते चालू आहे याची खात्री करावी. बँड एका कंपनीचा आणि फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर बँड फोनचा मोड जुमानतोच असे नाही, आणि मग बँडच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन वेगळा डू नॉट डिस्टर्ब लावावा लागतो. स्वतःचे सिम असलेली घड्याळे आणखी स्वतंत्र असतात. फोन घरी राहिला तरी त्यांच्यावर थेट फोन येतात. म्हणून उभ्या गाडीत मोड सुरू करून घरच्या एखाद्या व्यक्तीला दोन संदेश आणि एक फोन करायला सांगावे, आणि तोपर्यंत मनगटाकडे लक्ष ठेवावे. काहीही जाणवले नाही, तरच ही पायरी पूर्ण झाली असे समजावे.

पायरी तिसरी : घड्याळाची स्वतःची बडबड बंद करा

नोटिफिकेशन थांबली तरी घड्याळ स्वतःहून बरेच काही करत असते. मनगट उचलले की स्क्रीन उजळावी ही सोय चालताना चांगली आहे. पण स्टिअरिंग वळवताना किंवा गिअर बदलताना होणारी मनगटाची हालचाल घड्याळाला तशीच वाटते. रात्रीच्या अंधारात वळणावर मनगटावर अचानक उजेड पडला की नजर आपोआप तिकडे जाते. ज्या हाताने गिअर बदलता त्याच हातात घड्याळ असेल तर हे जास्त वेळा घडते. बऱ्याच घड्याळांत नाट्यगृहासाठी केलेला एक मोड असतो, जो आवाज बंद करतो आणि मनगट उचलल्यावर स्क्रीन उजळू देत नाही. प्रेक्षागृहाइतकाच तो गाडीतही उपयोगी आहे आणि एका स्पर्शात लावता येतो. स्क्रीन सतत चालू ठेवण्याचा पर्यायही रात्री गाडी चालवणाऱ्यांनी बंद ठेवलेला बरा.

त्यानंतर व्यायामाच्या आठवणी. तासभर बसून आहात, उठा आणि जरा चाला, अशी सूचना अनेक बँड दर तासाच्या पन्नासाव्या मिनिटाच्या सुमाराला देतात, आणि गाडी चालवणारा माणूस घड्याळाच्या दृष्टीने बसलेलाच असतो. लांबच्या प्रवासात ही आठवण तासातासाला मनगटावर येत राहते, तीही नेमकी अशा माणसाला जो ती पाळू शकत नाही. श्वासाच्या व्यायामाची आठवण, दिवसाचे लक्ष्य पूर्ण झाल्याचे अभिनंदन, तुम्ही सायकल चालवत आहात का अशी विचारणा, हेही याच माळेचे मणी. घड्याळाच्या ॲपमध्ये या प्रत्येकाचे वेगळे बटण असते, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या निम्म्या सूचना गाडीत बसल्यावरच काय, एरवीही बंद ठेवल्या तर फारसे नुकसान नाही. गजर आणि टायमर मात्र डू नॉट डिस्टर्बलाही दाद देत नाहीत, म्हणून प्रवासाच्या वेळेत पडणारा गजर असेल तर तो आधीच काढावा.

या सगळ्या खटपटीपेक्षा घड्याळ काढून कप्प्यात ठेवणे सोपे नाही का, असा प्रश्न येथे पडेल. सोपे आहेच, आणि ज्यांना घड्याळाकडे पाहण्याचा मोह आवरत नाही त्यांनी निःसंकोच तेच करावे. त्यात एकच तोटा आहे: अपघात ओळखणे, पडल्याचे कळवणे, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणे या मनगटावर अवलंबून असलेल्या सोयी त्या वेळेपुरत्या बंद पडतात. एअरप्लेन मोड लावून घड्याळ गप्प करण्याचा मार्ग मात्र टाळावा; त्यात घड्याळाचा फोनशी आणि नेटवर्कशी संपर्क तुटू शकतो आणि गरजेच्या वेळी ते मदत मागू शकत नाही.

पायरी चौथी : रस्ता दाखवण्याचे काम मनगटाकडे देऊ नका

जायचे ठिकाण निघण्यापूर्वीच टाकावे, मार्ग एकदा पाहून घ्यावा आणि सूचना गाडीच्या स्पीकरवरून ऐकाव्यात. घड्याळावर वळणाची सूचना कंपाने देण्याची सोय आकर्षक वाटते, कारण त्यात स्क्रीन पाहावी लागत नाही. पण तो कंप ही एक लिपी आहे आणि ती शिकावी लागते. सुरुवातीच्या ॲपल वॉचवर उजवीकडे वळायचे असेल तर सलग बारा टकटकी येत आणि डावीकडे वळायचे असेल तर दोन-दोनच्या तीन जोड्या येत. चौकाजवळ आल्यावर मनगटावर आलेला ठोका नेमका कोणता होता, हे मोजत बसणारा चालक चौकाकडे पाहत नसतो, आणि खात्री करण्यासाठी तो शेवटी स्क्रीनकडेच पाहतो. ज्यांना ही सोय वापरायची आहे त्यांनी ती आधी पायी चालताना वापरून अंगवळणी पाडावी. नव्या चालकांनी ती बंद ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी पाचवी : बोलून काम करून घेण्यालाही मर्यादा घाला

हात मोकळे असले म्हणजे धोका संपला, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. १९९७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांच्या अभ्यासात, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला होता, आणि हातात न धरता वापरायचे फोन अधिक सुरक्षित असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. त्यानंतर युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर यांच्या चमूने बोलून दिलेल्या आज्ञांचा अभ्यास केला. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, काही यंत्रणांच्या बाबतीत आज्ञा देऊन झाल्यावरही मन रस्त्यावर पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ४० किलोमीटर वेगातही तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर पुढे गेलेली असते.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवरच्या माणसाशी बोलणे यांत फरक आहे. शेजारच्याला समोरचा रस्ता दिसतो. अवघड वळण आले, एखादे मूल रस्त्याकडे धावले, की तो वाक्य अर्धवट सोडून गप्प बसतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. घड्याळावरून बोलताना आणखी एक अडचण येते: आवाज पोहोचावा म्हणून मनगट तोंडाजवळ न्यावे लागते, म्हणजे ज्याला हात मोकळे ठेवून बोलणे म्हणतात त्यातच एक हात अडकतो. म्हणून घड्याळावरून फोन घेणे पूर्णपणे टाळावे. अगदी गरजेचा फोन गाडीच्या यंत्रणेवर घ्यावा, पाच मिनिटांत थांबून बोलतो एवढेच सांगावे आणि बंद करावा. संदेश बोलून लिहिणे हे तर फोनपेक्षाही वाईट, कारण यंत्राने बरोबर ऐकले की नाही हे तपासण्याचा मोह आवरत नाही.

पायरी सहावी : कान मोकळे ठेवा

सायरन, हॉर्न, मागून येणाऱ्या दुचाकीचा आवाज, आपल्याच गाडीच्या टायरचा बदललेला सूर, हे सगळे चालकाला कानांनी कळते. बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड हाच आवाज कमी करतात. एकच इअरबड घालावा, ही तडजोडही वाटते तितकी निर्धोक नाही. आवाज कोणत्या दिशेने येतो हे मेंदू दोन्ही कानांतल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो आणि एक कान बंद झाला की सायरन ऐकू येऊनही तो मागून येतो की बाजूच्या रस्त्यावरून हे कळत नाही. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून चालकांना कानात इअरफोन घालण्यास बंदी घातली आणि ती सायकलस्वारांनाही लागू आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कान झाकण्यास मनाई आहे.

इअरबडबाबत एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. तो कानातून निसटतो, सीटच्या फटीत किंवा पायांत पडतो आणि चालकाचा हात आपोआप तो शोधायला खाली जातो. ब्रेकच्या पॅडलजवळ घरंगळलेली वस्तू तशीही धोक्याचीच. म्हणून इअरबड डबीत आणि डबी बंद कप्प्यात, हे बरे. दुचाकीस्वारांना सूचना ऐकायच्याच असतील तर कानात घालण्याऐवजी हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर, तेही स्थानिक नियमांची परवानगी असल्यास आणि हळू आवाजात, वापरावेत.

पायरी सातवी : चष्मा आणि हेडसेट

डोळ्यांसमोर माहिती दिसली तर मान खाली घालावी लागणार नाही आणि चालक सुरक्षित राहील, हा युक्तिवाद गूगल ग्लास हा स्मार्ट चष्मा २०१३ साली लोकांच्या हाती आला तेव्हापासून केला जातो. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली गाडीच्या सिम्युलेटरवर तो तपासला. ग्लासवरून संदेश पाठवणारे चालक धोका टळल्यावर फोनवाल्यांपेक्षा थोडे लवकर सावरले, पण समोरच्या गाडीने अचानक ब्रेक लावला तेव्हा त्यांचा प्रतिसाद काही सुधारला नाही. कारण नजर रस्त्याच्या दिशेने असणे आणि रस्ता दिसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काचेवरची अक्षरे वाचत असताना त्यांच्या मागे चालणारा पादचारी डोळ्यांत शिरतो, पण मनात नोंदला जात नाही.

तेव्हा ज्या चष्म्यात माहिती दिसते तो गाडी चालवताना पूर्ण बंद असावा. ज्यात फक्त कॅमेरा आणि स्पीकर आहेत, आणि ज्याला नंबरच्या काचा बसवल्या आहेत, तो घालावाच लागेल. मात्र त्याचे स्विच बंद करावे आणि संदेश वाचून दाखवण्याची सोय काढून टाकावी. काचा उजेडानुसार रंग बदलणाऱ्या किंवा गडद असतील तर संध्याकाळनंतर साधा चष्मा जवळ ठेवावा. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेडसेटबद्दल फार लिहिण्याची गरज नसावी, पण ॲपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आल्यावर तो घालून गाडीत बसलेल्या चालकांच्या चित्रफिती इतक्या पसरल्या की अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांना चालकाने सतत लक्ष दिलेच पाहिजे याची जाहीर आठवण करून द्यावी लागली. अशा हेडसेटमध्ये समोर दिसतो तो रस्ता नसतो, कॅमेऱ्याने टिपलेले रस्त्याचे चित्र असते.

पायरी आठवी : आरोग्याची उपकरणे हा अपवाद

मधुमेह असलेल्या चालकाच्या दंडावरचा सेन्सर साखर उतरल्याची सूचना देतो, आणि ती थांबवणे जिवावर बेतू शकते. म्हणून ड्रायव्हिंग मोडमध्ये त्या ॲपला परवानगी द्यावी, पण सूचना कंपाऐवजी ओळखू येईल अशा आवाजात गाडीच्या किंवा फोनच्या स्पीकरवरून यावी अशी व्यवस्था करावी, म्हणजे आकडा पाहण्यासाठी मनगट उचलावे लागणार नाही. ब्रिटनमध्ये खासगी गाडीच्या चालकांना २०१९ पासून असे सेन्सर वापरण्याची मुभा आहे, पण सुरक्षित जागी गाडी थांबवल्याशिवाय त्याचा आकडा पाहू नये असा नियम आहे. तेथील सूचनेनुसार साखर ४ मिलिमोल प्रति लिटरच्या, म्हणजे सुमारे ७२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, गोड घ्यावे आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी चालवू नये. सेन्सरचा आकडा रक्तातल्या प्रत्यक्ष साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, हेही ध्यानात ठेवावे आणि स्वतःच्या मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

झोप मोजणाऱ्या उपकरणांचा उपयोग निघण्यापूर्वी होतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, असे प्रयोगांतून दिसलेले आहे. रात्रीची झोप चार तासांची झाल्याचे घड्याळ सकाळी सांगत असेल तर लांबचा प्रवास पुढे ढकलावा. उलट बाजूने मात्र त्याच्यावर विसंबू नये. घड्याळाने चांगले गुण दिले आणि डोळे मिटत असतील, तर डोळ्यांचे ऐकावे.

पायरी नववी : तरीही ठोका पडलाच तर

एवढे करूनही कधी तरी मनगट वाजणार. त्या क्षणी काहीच करायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवावे: दोन्ही हात जागेवर, नजर समोर, आणि पुढची थांबण्याजोगी जागा आली की तिथे पाहायचे. लाल सिग्नल म्हणजे थांबण्याची जागा नव्हे. गाडी रस्त्याच्या बाहेर घेऊन, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्किंगमध्ये टाकून, हँडब्रेक ओढल्यावरच मनगट वळवावे. सोबत कोणी असेल तर फोन त्यांच्याकडे देऊन ठेवावा. घरच्यांना आणि कामावरच्यांना आपण प्रवासात उत्तर देत नाही हे एकदा सांगून ठेवले की वारंवार येणारे फोन पुष्कळ कमी होतात. वाहन चालवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना हे एकट्याने जमत नाही. काम मनगटावर पाठवणाऱ्या मालकाने ते गाडी थांबलेली असतानाच पोहोचेल अशी यंत्रणा ठेवली पाहिजे.

पायरी दहावी : घड्याळाची चांगली बाजू चालू ठेवा

स्मार्ट उपकरणांमुळे मदत लवकर पोहोचू शकते, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०१९ पासून आणि ॲपलच्या घड्याळात व फोनमध्ये २०२२ पासून मोठा अपघात ओळखण्याची सोय आहे. धडकेचा झटका, वेगातला एकदम झालेला बदल, आवाज अशा खुणांवरून उपकरण अंदाज बांधते, इशारा देते आणि ठरावीक वेळेत कोणी प्रतिसाद दिला नाही तर आपत्कालीन सेवेला फोन लावते. युरोपीय संघात नव्याने मान्यता मिळणाऱ्या मोटारींमध्ये ३१ मार्च २०१८ पासून अशीच यंत्रणा गाडीतच सक्तीची आहे.

ही सोय चालू असणे पुरेसे नाही. आपत्कालीन संपर्कात निदान दोन व्यक्तींचे नंबर भरलेले असावेत. रक्तगट, औषधे आणि ॲलर्जी यांची माहिती फोन कुलूपबंद असतानाही दिसेल अशी ठेवावी, आणि लोकेशन सुरू असावे. दुचाकीस्वारांनी यावर फार भरवसा ठेवू नये. ॲपलची ही सोय मोटारींच्या धडकांसाठी बनवलेली आहे, आणि घड्याळात पडल्याचे ओळखणारी जी वेगळी सोय असते ती स्वतंत्रपणे चालू करावी लागते. घड्याळ बदलले किंवा त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की काही सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून त्या वेळी दुसऱ्या पायरीतली तपासणी पुन्हा करावी.

कधी कधी उपकरण चुकतेही. २०२२ साली रोलरकोस्टरवर बसलेल्या आणि बर्फावर स्कीइंग करणाऱ्या लोकांच्या घड्याळांनी आणि फोनांनी अपघात समजून मदत मागितल्याच्या तक्रारी आल्या होत्या. रस्त्यावर असा चुकीचा इशारा आला तर धावत्या गाडीत तो रद्द करण्याची धडपड करू नये. गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्यावी, आणि तोपर्यंत फोन लागलाच असेल तर तो कट न करता पलीकडच्या व्यक्तीला आपण सुखरूप आहोत आणि इशारा चुकून गेला एवढे सांगावे. काही न बोलता फोन तोडला तर तेथील कर्मचाऱ्यांना अपघात खरा समजून परत फोन करावा लागतो किंवा पथक पाठवावे लागते.